पाठीचा पट्टा : कुणाला आणि किती दिवस?

मावळात जुलै उजाडला की भाताची लावणी सुरू होते आणि घराघरांतून कंबर धरल्याची तक्रार ऐकू येते. त्याच मावळातून रोज सकाळी लोकल धरून पिंपरी-चिंचवड आणि पुण्याकडे जाणारी, दिवसभर संगणकापुढे बसणारी पिढीही आहे. पोक आलेली शेतकरी बाई आणि मान पुढे काढून बसणारा तरुण, दोघांच्याही मोबाईलवर जाहिरात एकच येते : हा पट्टा बांधा, पाठ सरळ होईल.

खालचा संवाद या पट्ट्याबद्दलचा आहे. आत्या लोणावळ्यात योग शिकवते. भाचा पुण्यात ऑर्थोटिस्ट आहे, म्हणजे रुग्णाच्या अंगाचं माप घेऊन ब्रेस आणि आधारपट्टे बनवतो. दोन्ही पात्रं कल्पित आहेत. त्यांचं भांडण मात्र खरं आहे आणि ते नीट भांडलं जायला हवं.

आत्या : बरं झालं आलास. तुझ्या आईचा फोन होता, लावणीच्या आधी चांगलासा कमरेचा पट्टा पाठव म्हणून. आमच्या चिरंजीवांनी तर मला न विचारता खांद्यांचा पट्टा मागवलासुद्धा. शर्टाच्या आत बांधून ऑफिसला जातो. आणि काल शेजारीण विचारत होती, बारा वर्षांच्या मुलीचा एक खांदा वर दिसतो, तिलाही तसलाच घेऊ का? तिघांनाही माझं उत्तर एकच आहे. पट्टा नको. पाठ स्वतःच्या बळावर उभी राहिली पाहिजे.

भाचा : तिघांना एकच उत्तर, इथंच माझा आक्षेप आहे, आत्या. दुकानदार तिघांना एकच पट्टा विकतो आणि तू तिघांना एकच नकार देतेस. पाठ कशामुळे वाकली, हे तोही विचारत नाही आणि तूही नाही.

आत्या : मी विचारत नाही? इतकी वर्षं माणसांच्या पाठीच बघतेय. बसून बसून पाठीचे स्नायू दुबळे होतात, छाती आवळते, खांदे पुढे येतात. त्यावर भुजंगासन आहे, शलभासन आहे, मकरासन आहे. हे मी मनानं सांगत नाही. याच गावात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. त्या परंपरेत मी शिकले आहे.

भाचा : स्वामीजींचं नाव निघालंच आहे, तर त्यांचीच रीत धरू. लोणावळ्यात संस्था काढण्याआधीच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या योगक्रियांचा क्ष-किरणांखाली अभ्यास केला होता. संस्था सुरू झाली त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून निष्कर्ष छापायला घेतले. गुरूंवर श्रद्धा होतीच, तरी त्यांनी मोजून पाहिलं. तीच कसोटी तुझ्या आसनांना लावू आणि माझ्या ब्रेसलाही लावू. चालेल?

आत्या : चालेल. मुलीपासून सुरू कर. मी तिच्या आईला सांगितलंय की रोज बारा सूर्यनमस्कार घाल, वाढत्या वयाची आहे, होईल सरळ.

भाचा : हाच सल्ला मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. खांदा वर दिसतो म्हणजे ती वाकडी बसते असं गृहीत धरू नकोस. कणा बाजूला वळून पिळला जात असेल. याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक मुलामुलींत त्याचं कारण सापडत नाही. दहा-बारा वर्षांनंतर उंची झपाट्यानं वाढते तेव्हा तोही झपाट्यानं वाढू शकतो, आणि बऱ्याचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरात कळतही नाही.

आत्या : मग ओळखायचं कसं?

भाचा : तिला पाय जुळवून उभी कर. गुडघे न वाकवता, हात खाली सोडून कमरेतून पुढे वाकायला सांग आणि मागून बघ. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उचललेल्या दिसल्या, तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेवर कोन मोजतात. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस धरतात. कोन लहान असेल तर दर काही महिन्यांनी मोजत राहतात. साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल आणि वाढ बाकी असेल, तर ब्रेस लागतो.

आत्या : आणि तो लागू पडतो, हे कुणी मोजलंय?

भाचा : मोजलंय. अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. वाढ संपेपर्यंत वळण ५० अंशांच्या आत राहिलं, तर उपचार यशस्वी धरायचे होते, कारण त्यापुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. ब्रेस घातलेल्यांत ७२ टक्के मुलं त्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. रोज सरासरी १३ तासांहून जास्त ब्रेस घालणाऱ्यांत तर यश नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. तू म्हणतेस तशी वाट बघण्यात त्या मुलीच्या वाढीचे महिने निघून जातील, आणि ते परत येत नाहीत.

आत्या : हे मला माहीत नव्हतं. आजच शेजारणीकडे जाते. पण मग मोबाईलवरचा तो पट्टा तिला चालेल का?

भाचा : अजिबात नाही. तो इलॅस्टिकचा पट्टा दोन्ही खांदे सारखेच मागे ओढतो. स्कोलिओसिसचा ब्रेस कडक प्लास्टिकचा असतो, तिच्या अंगाच्या मापानं बनवलेला. वळणाच्या उंचवट्यावर आतून दाब देतो आणि विरुद्ध बाजूला जागा मोकळी सोडतो. मुलगी वाढली की तो बदलावा लागतो. पुण्यात ससूनसारख्या रुग्णालयात हाडांचा विभाग आहे, १९४४ साली स्थापन झालेलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. आपल्याकडे हे काम नवं नाही.

आत्या : ठीक. पण बारा वर्षांची पोर रोज तेरा तास प्लास्टिकच्या कवचात वावरणार. शाळेत मुली बघणार. तू अंश मोजशील, तिचं मन कोण मोजणार? ब्रेस काढलेल्या तासांत तिला पोहू दे, धावू दे, माझ्याकडे येऊ दे. श्वास मोकळा राहील, पाठीची ताकद राहील आणि आपण आजारी आहोत असं तिला वाटणार नाही.

भाचा : यात मी शंभर टक्के तुझ्याबरोबर आहे. ब्रेस कपाटात पडून राहण्याचं मुख्य कारण मुलांची लाज हेच असतं. तुझ्यासारखं कुणी सोबत असेल तर तास पूर्ण होतात.

आत्या : आता आमच्या चिरंजीवांकडे वळू. लोणावळा ते पुणे रेल्वेनं ६४ किलोमीटर. हा मधेच चिंचवडला उतरतो आणि तिथून पुढे जातो. जाता-येता मान मोबाईलमध्ये, ऑफिसात मान लॅपटॉपमध्ये. त्यात हा पट्टा. पट्ट्यानं स्नायू मरतात, हे तरी तुला मान्य आहे ना?

भाचा : नाही. हे सगळेच म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, पण काही आठवडे किंवा दोन-चार महिने पट्टा वापरल्यानं स्नायू दुबळे झाले, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. त्याला पट्टा नको असं माझंही मत आहे, पण माझं कारण वेगळं आहे. अंगावर असेपर्यंत पट्टा खांदे मागे धरतो. काढल्यावर पाठ सरळ राहते, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. म्हणजे तो पैसे देऊन विकत घेतोय ती फक्त एक आठवण : सरळ हो.

आत्या : ती आठवण मी रोज फुकट करून देते. ताठ बस, ताठ बस.

भाचा : तेही पुरेसं नाही. ताठ बसून दोन तास हलला नाही, तरी पाठ दुखणारच. बसण्याची एकच योग्य पद्धत असते आणि ती मोडली की दुखणं येतं, हे समीकरण संशोधनात टिकलेलं नाही. थोडं पोक असलेली कित्येक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात, आणि ताठ माणसांनाही कंबर धरते. शरीराला एकाच स्थितीत कोंडणं सोसत नाही. त्याला सांग, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण. लॅपटॉप उंच ठेव आणि कीबोर्ड वेगळा घे. कोपर टेकलेलं असू दे, तळवे जमिनीवर असू देत. आणि दर अर्ध्या तासानं उठ. दोन मिनिटं चाललास तरी चालेल, पण उठ.

आत्या : आणि आठवड्यातून तीन दिवस माझ्याबरोबर शलभासन. पाठीच्या स्नायूंना काम दिल्याशिवाय ताकद येत नाही.

भाचा : नक्की. त्याच्यासाठी तेच खरं औषध आहे. पट्टा विकत घेऊन झालाच आहे तर पहिले दोन आठवडे, दिवसातून वीस-तीस मिनिटं, आठवणीपुरता वापरू दे. नंतर काढून टाकायचा.

आत्या : मला तेवढंही पटत नाही. फोनमधला गजरही आठवण देतो. एकदा अंगाला आधार लागला की माणूस मनानं त्यावर रेलतो. स्नायू राहू दे बाजूला, भीती बसते. पट्ट्याशिवाय उठलो तर कंबर जाईल, असं म्हणणारे माझ्या वर्गात येतात. चार वर्षांपूर्वीच्या उसणीसाठी घेतलेला पट्टा अजून बांधलेला असतो.

भाचा : भीतीचा मुद्दा मी मान्य करतो. तशी माणसं मलाही भेटतात. म्हणून ब्रेस देताना मी तो कधी काढायचा हेही सांगतो.

आत्या : रोज डोळ्यांसमोर आहे बघ. घाट चढायला कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. घाट संपला की ती सोडवतात, पुण्यापर्यंत ढकलत नेत नाहीत. तुझ्या ब्रेसचं तसं असेल तर माझी तक्रार नाही. लोक मात्र सोडवतच नाहीत.

भाचा : माझं म्हणणं याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

आत्या : आता वहिनी. तिचं वय साठीच्या पुढे. चाळीस पावसाळे तिनं पवन मावळात चिखलात वाकून काढलेत. पाठीवर आधी इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद असतो. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी दिली, मावळचं नाव झालं. वाण बदलला, भाव आला, पण बाईचं वाकणं तसंच राहिलं. तिला पट्टा हवाय तो लावणीत पाठ वाचावी म्हणून. दे ना मग! तुझ्या धंद्याचा पट्टा अशाच कामासाठी असतो.

भाचा : आईला नाही म्हणणं मला जड जातं, पण त्या कामासाठी पट्टा उपयोगाचा नाही. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९४ साली सांगितलं, की धडधाकट कामगारांची पाठ पट्ट्यामुळे इजेपासून वाचते हे सिद्ध झालेलं नाही. पुढे त्यांनी दुकानांत माल उचलणाऱ्या सुमारे नऊ हजार कामगारांवर लक्ष ठेवलं. २००० साली निष्कर्ष आले. रोज पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत पाठीच्या इजा सारख्याच होत्या. लावणीत तर आणखी अडचण. माणूस कमरेतून पूर्ण वाकतो आणि रुंद पट्टा बरगड्यांत आणि जांघेत रुततो. पावसानं, घामानं भिजतो. ओला पट्टा दिवसभर राहिला तर कातडी सोलवटते, गजकर्ण होतं.

आत्या : म्हणजे इथं मी जिंकले. तिला पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पाठव. पश्चिमोत्तानासन, हलासन, कंबर मोकळी करून देते.

भाचा : थांब आत्या. तुझी आसनंही कसोटीला लावायची ठरली होती ना? आईची उंची कमी झाली आहे. आधी ज्या फळीवरचा डबा तिच्या हाताला लागायचा, तो आता लागत नाही. भिंतीला पाठ टेकवून उभी राहिली तर डोकं भिंतीला टेकत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, मणका पुढच्या बाजूनं दबतो आणि बाई पुढे वाकते. हा दुबळेपणा स्नायूंचा नसून हाडांचा असू शकतो. अशा हाडांवर पुढे वाकण्याचे व्यायाम फार वाईट. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा अभ्यास छापला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्क्यांना नवे दबलेले मणके दिसले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांना.

आत्या : एवढा फरक?

भाचा : एवढा. म्हणून हलासन नाही, पश्चिमोत्तानासन नाही. पण तुझं भुजंगासन, पोटाखाली उशी घेऊन छाती हलकेच उचलणं, हे मात्र हवंच. त्याच क्लिनिकनं नंतर दाखवलं, की पाळी गेलेल्या ज्या बायकांनी दोन वर्षं पाठीच्या स्नायूंचे व्यायाम केले, त्यांचे मणके व्यायाम थांबवल्यावर आठ वर्षांनीही कमी दबलेले होते. आत्या, तू शिकवतेस त्यातलं अर्धं औषध आहे. कुठलं अर्धं, ते माणूस बघून ठरवायचं.

आत्या : मग वहिनीचं आधी काय करायचं?

भाचा : आधी एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी. मणका ताजा दबलेला निघाला, तर डॉक्टर पुढे वाकू न देणारा ब्रेस देतील. तो साधारण दीड ते तीन महिने, दुखणं उतरेपर्यंत. सोबत हाडांची औषधं. मणका ठीक निघाला आणि नुसती उसण भरली असेल, तर कमरेचा पट्टा चार-आठ दिवस, उठबस करताना. आणि पाठदुखीबरोबर बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री दुखण्यानं झोपमोड होत असेल, तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे आधी बघायचं. आपल्याकडे तो अजून आहे आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. पायातली शक्ती गेली, लघवी अडकली किंवा बसण्याच्या जागी बधिर झालं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. या माणसांना पट्टा बांधून घरी बसवणं किंवा आसनाला बसवणं, दोन्ही अपराध आहेत.

आत्या : तपासणी होईल. पण लावणी थांबत नाही रे. पाऊस रिपोर्टची वाट बघत नाही.

भाचा : म्हणून कामाची रीत बदलायला हवी. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू काम सोडतात आणि सगळा भार अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो. बराच वेळ तसंच राहिलं तर अस्थिबंध सैल पडतात आणि पूर्ववत व्हायला तास लागतात. म्हणून वाकून उठल्याउठल्या रोपांचा भारा उचलायचा नाही. दोन-चार मिनिटं उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून मागे झुकायचं, थोडं चालायचं, मग हात लावायचा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बांधावर यायचं. रोपं उपटणं, वाहणं आणि लावणं पाळीपाळीनं करायचं.

आत्या : हे बायकांना मी सांगू शकते. आणि गड्यांनाही सांगायला हवं. चिखलणीला ट्रॅक्टर, पॉवर टिलर आला. वाकायचं काम तेवढं बायकांच्या वाट्याला राहिलं. घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळ्यांनी सगुणा पद्धत काढली आहे. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही. लावणीची यंत्रंही आहेत. पट्ट्यावर पैसे घालण्याआधी गावानं मिळून याचा विचार करावा.

भाचा : हे तू माझ्यापेक्षा चांगलं बोललीस.

आत्या : आता मला पट्टा निवडायला शिकव. नाही म्हणायचं असलं तरी कशाला नाही म्हणते ते कळलं पाहिजे.

भाचा : डॉक्टरांनी कमरेचा पट्टा सांगितला, तर पॅन्टच्या मापावर घ्यायचा नाही. डब्यावर माप कुठं घ्यायचं ते लिहिलेलं असतं, तिथं फीत धरून मोजायचं. बांधल्यावर खालची कड पाठीमागे कटीच्या हाडावर बसली पाहिजे. बसल्यावर मांडीत किंवा बरगडीत रुतता कामा नये, म्हणून दुकानात खुर्चीवर बसून बघायचं. आत दोन बोटं जायला हवीत, श्वास पोटापर्यंत जायला हवा. लोणावळ्याच्या दमट हवेत रबरी पट्टा त्रास देतो. जाळीदार कापडाचा घ्यावा, खाली सुती बनियन घालावा, रोज कातडी बघावी. खांद्याच्या पट्ट्यानं हाताला मुंग्या आल्या तर काखेत नस दबते आहे, तो लगेच काढायचा. वाढलेला रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटावर काहीही आवळायचं नाही. आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय झोपताना बांधायचा नाही.

आत्या : एक सांगते. शेजारच्या मुलीबद्दल आणि वहिनीबद्दल माझं मत तू बदललंस. धडधाकट तरुणाच्या बाबतीत नाही. त्याला आठवणीपुरतासुद्धा पट्टा नको.

भाचा : आणि मी म्हणतो, दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. हा मतभेद राहू दे. त्यात कुणाचं नुकसान नाही.

दोघांचं बोलणं इथं संपलं. वाचकांसाठी निवाडा असा. ज्याच्या पाठीला काही रोग नाही, त्याला पट्टा सुधारत नाही. त्याला हालचाल, पाठीचे व्यायाम आणि कामाची बदललेली रीत सुधारते. ज्याच्या कण्यात खरोखर बिघाड आहे, त्याला योग्य ब्रेस वेळेवर मिळाला नाही तर नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून पट्टा घेण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : कशासाठी, दिवसातून किती तास आणि कोणत्या तारखेपर्यंत. ही तीन उत्तरं लिहून मिळाली नाहीत, तर पट्टा घेऊ नका. आणि घरात दहा ते पंधरा वर्षांची मुलं असतील, तर या आठवड्यात त्यांना एकदा पुढे वाकायला सांगा आणि त्यांची पाठ मागून नीट बघा.